राजाचं नाव शेवटी वाचा : हातोड्याच्या नाण्यांमागे इंग्लंडात सहा दिवस

निघण्यापूर्वी बॅगेत चार वस्तू हव्यात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी आणि एकाच बाजूने उजेड टाकणारी छोटी टॉर्च. तुलनेसाठी म्हणून घरची शिवराई मात्र सोबत नेऊ नये. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो पुरतात.

शिवराईचा फोटो नेण्याला कारण आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ हा लेख शिवाजी महाराजांनंतरही दीडशेहून अधिक वर्षं तांब्यावर उमटत राहिला. नाव महाराजांचं, पण नाणं पेशवाईतलं, हे आपल्याकडच्या संग्राहकाला नव्याने सांगावं लागत नाही. इंग्लंडच्या जुन्या, हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यांतही हाच पेच पदोपदी येतो. नवखा माणूस राजाचं नाव वाचून खूश होतो आणि तिथेच फसतो.

पहिला दिवस : लंडन, ब्रिटिश म्युझियम

68 क्रमांकाचं दालन पैशाच्या इतिहासाचं आहे आणि प्रवेश फुकट आहे. सुरुवात मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा (757–796) याच्या सोन्याच्या नाण्यापासून करावी. खलिफा अल्-मन्सूरच्या हिजरी 157च्या, म्हणजे इसवी सन 773–774च्या दिनाराची ही नक्कल आहे. अरबी मजकूर जवळपास जसाच्या तसा आहे, पण अक्षरं कोरणाऱ्याला ती भाषा येत नव्हती हे चुकांवरून कळतं. मधल्या ओळींच्या फटीत ‘OFFA REX’ म्हणजे ‘राजा ऑफा’ असं आहे, पण ते आधी वाचताच येत नाही, कारण ही रोमन अक्षरं अरबीच्या मानाने उलटी बसली आहेत. नाव मर्सियाच्या राजाचं, बाकी सारं नाणं बगदादच्या खलिफाचं.

दालनातल्या काचेआडून जे दिसतं त्याने नाणं ओळखायला शिकता येत नाही. त्यासाठी नाणे विभागाच्या अभ्यासिकेत वेळ मागावी लागते. ती काही आठवडे आधी मागावी आणि विनंतीत हवी ती नाणी संग्रहक्रमांकासह लिहावी. हे क्रमांक म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात. ‘मध्ययुगीन पेनी दाखवा’ असं लिहिणं म्हणजे वाचनालयात जाऊन ‘एखादं पुस्तक द्या’ म्हणण्यासारखं. आत पेन्सिल न्यावी, पेन नाही. नाणं कडेला धरावं, तेही मऊ ट्रेच्या वरच. चांदीचा हा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि शेकडो वर्षांत ठिसूळ झालेला असतो.

पहिला धडा ‘शॉर्ट क्रॉस’ पेनीचा. पुढे समोरून काढलेला चेहरा आणि हातात राजदंड. मागे दुहेरी रेघांचा आखूड क्रॉस, त्याच्या चार कोनांत चार-चार ठिपक्यांची छोटी फुलं. लेख ‘हेन्रिकस रेक्स’. हा प्रकार 1180 साली दुसऱ्या हेन्रीने सुरू केला. 1189 साली तो वारला. मग रिचर्ड आला, जॉन आला, तिसरा हेन्री आला. नाणं 1247 पर्यंत तेच आणि नावही तेच. सिंहहृदयी रिचर्डच्या नावाची इंग्लिश पेनीच नाही. जॉनचं नाव हवं असेल तर त्याची आयरिश नाणी पाहावी लागतात. तिथे त्रिकोणात ‘योहानेस’ मिळतो.

मग राजा ठरवायचा कसा? आधी नाणं पालथं करायचं. मागच्या बाजूला वरचा छोटा क्रॉस शोधून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचायचं: आधी नाणं पाडणाऱ्या मनीयरचं नाव, मग ‘ऑन’, मग गाव. ‘सायमन ऑन कँट’ म्हणजे कँटरबरीचा सायमन, ‘इल्गर ऑन लुंड’ म्हणजे लंडनचा इल्गर. कोणता मनीयर कोणत्या टांकसाळीत कोणत्या वर्षांत होता याच्या याद्या आहेत. निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं काम केसांच्या कुरळ्यांवर, मुकुटाच्या मण्यांवर आणि अक्षरांच्या वळणावर. अभ्यासकांनी याचे आठ वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गाचा चेहरा नेटका. 1205च्या फेरटांकणीचा पाचवा वर्गही सुबक. सातवा सर्वांत जास्त मिळणारा, आणि बऱ्याचदा त्यात डोळे, नाक, केस म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा. एक सापळा इथेच सांगून ठेवलेला बरा: ‘निकोल’ हे मनीयरचं नाव आहे, आणि त्या काळच्या फ्रेंच उच्चाराने लिंकन शहराचंही. ‘ऑन’च्या आधी आलं तर माणूस, नंतर आलं तर गाव.

दुसरा दिवस : टॉवर आणि वेस्टमिन्स्टर

तेराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत लंडनची टांकसाळ टॉवरच्या तटबंदीत होती. दोन भिंतींमधल्या त्या चिंचोळ्या गल्लीला आजही मिंट स्ट्रीट म्हणतात. तिकीट महाग आहे; निव्वळ नाण्यांसाठी जाणाऱ्याने गल्ली पाहून, काम कसं चालत असेल ते डोळ्यांसमोर आणून बाहेर पडावं. कोहिनूरची रांग फार मोठी असते.

काम असं चाले. चांदी ओतून पट्ट्या, पट्ट्या ठोकून पातळ, त्यातून कापून गोल चकत्या. खालचा ठसा म्हणजे ‘पाइल’. त्याला खाली टोक असतं आणि ते लाकडी ओंडक्यात रुतवलेलं असतं. वरचा ‘ट्रसेल’ हातात धरायचा. मध्ये चकती ठेवायची आणि हातोडा मारायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसतो म्हणून तो लवकर झिजतो आणि फुटतो. म्हणूनच राजाचा कोरायला कठीण असलेला चेहरा सहसा खाली ठेवत आणि एका पाइलबरोबर दोन किंवा जास्त ट्रसेल देत. एकाच चेहऱ्याच्या ठशाची, पण मागची बाजू वेगळी असलेली नाणी सापडतात ती यामुळे.

नाण्यातले बहुतेक ‘दोष’ या एका कृतीतून येतात. ट्रसेल तिरका धरला तर एका कडेला ठसा खोल आणि समोरच्या कडेला सपाट. पहिल्या घावानंतर चकती किंचित फिरली आणि दुसरा घाव बसला तर अक्षरं दुहेरी, राजाला दोन नाकं. एका बाजूचा उठाव खोल असेल तर धातू तिकडे ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागी डाग पडल्यासारखं सपाट राहतं. ही झीज नव्हे. झीज आधी उंच भागावर येते, ठशाचा अपुरा दाब कुठेही येऊ शकतो. पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी कोणत्याही कोनात असू शकते, कारण वरचा ठसा हातात फिरे. शिवराईत ठसा चकतीहून मोठा असल्याने लेख बाहेर जातो. इंग्लिश पेनीत ठसा सहसा पूर्ण मावतो, आणि लेख अर्धा दिसत असेल तर पहिला संशय कात्रीवर घ्यावा.

कड कातरून चांदी साठवण्याचा धंदा जुना. म्हणूनच 1247 साली क्रॉसचे हात थेट कडेपर्यंत नेले: टोकं दिसत नसतील तर नाणं कातरलेलं. उपाय कागदावर छान होता, कातरणं काही थांबलं नाही. 1278 साली पहिल्या एडवर्डने ज्यूंची सरसकट धरपकड केली आणि नाणी कातरल्याच्या आरोपाखाली लंडनमध्ये दोनशेहून जास्त ज्यूंना फासावर चढवलं. त्याच आरोपातले ख्रिश्चन बहुतांशी दंडावर सुटले. संग्रहातल्या कातरलेल्या ‘लाँग क्रॉस’ पेनीकडे पाहताना हेही माहीत असावं.

कातरलेलं आणि कापलेलं यात गल्लत नको. 1279 पूर्वी अर्धी पेनी हवी असेल तर पेनी क्रॉसच्या रेघेवर सरळ कापत. पाव हवी तर चार तुकडे. हे तुकडे अधिकृतपणे चालत, आणि स्वस्तात मिळत असल्याने शिकायला उत्तम. तुकड्यावर मनीयरची तीन अक्षरं उरली असतील तरी वर्ग लावता येतो.

दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पूर्व ओवरीतली पिक्स चेंबर पाहावी. ‘पिक्स’ म्हणजे नमुन्याची नाणी ठेवायची पेटी. टांकसाळीतून ठराविक नाणी काढून पेटीत टाकायची आणि पंचांसमोर त्यांचं वजन आणि कस तपासायचा, ही पद्धत तेराव्या शतकापासून आजवर चालू आहे.

येताना नदीला ओहोटी असेल तर टेम्सच्या चिखलात उतरण्याचा मोह होतो. तिथे शोधाशोध करायला, वरवर नजर टाकून उचलायलासुद्धा, बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. पुलावरून पाहावं.

तिसरा दिवस : ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून तासाभराचा रेल्वेप्रवास. ॲशमोलियनमध्ये प्रवेश फुकट. इथे दोन गोष्टींसाठी यावं.

पहिली वॉटलिंग्टनची ठेव. 2015 साली धातुशोधकाला सापडलेली सुमारे दोनशे नाणी, काही दागिने आणि चांदीच्या कांड्या, 870च्या दशकाच्या शेवटच्या. त्यात ‘दोन सम्राट’ प्रकारच्या पेनी आहेत: उशिराच्या रोमन सोन्याच्या नाण्यावरून घेतलेले शेजारी बसलेले दोघे, वर पंख पसरलेली विजयदेवता. हा प्रकार दक्षिणेतल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाच्या नावाने आहे आणि मर्सियाच्या दुसऱ्या केओलवुल्फच्याही. वेसेक्सच्या बखरीने केओलवुल्फला मूर्ख ठरवून निकालात काढलं. नाणी सांगतात की दोघांचं चलन एकाच नमुन्याचं होतं. लिहिणारे जिंकणाऱ्यांच्या बाजूचे होते, ठसे कोरणारे नव्हते.

दुसरी, 1644चा ऑक्सफर्ड क्राउन, म्हणजे चांदीचं मोठं नाणं. यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सने राजधानी इथे हलवली, कॉलेजांची चांदीची भांडी वितळवली आणि नाणी पाडली. टॉमस रॉलिन्सने कोरलेल्या या क्राउनवर घोड्यावरच्या राजाच्या पायाखाली ऑक्सफर्डचे मनोरे दिसतात. तो आपल्या आवाक्यातला नाही. पण त्याच काळातल्या साध्या नाण्यांवरची लॅटिन घोषणा ओळखायला शिकावी: प्रोटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे, संसदेचं स्वातंत्र्य. ती मागच्या बाजूला दोन-तीन ओळींत आडवी येते आणि झिजलेल्या नाण्यावरही ओळींचे पट्टे दिसतात. पट्टे दिसले की 1642 ते 1646 हा काळ नक्की समजून पुढे जावं.

चौथा दिवस : केंब्रिज

फिट्झविल्यम म्युझियम सोमवारी बंद असतं. इथल्या नाणे विभागाने मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळातल्या सुट्या सापडलेल्या नाण्यांची नोंदवही चालवली आहे आणि ती घरबसल्या पाहता येते. त्यामुळे खरं तर हा दिवस टेबलावरचा: समोर एडवर्डच्या पेनी आणि शेजारी काटा.

1279 साली पहिल्या एडवर्डने चलन बदललं. मनीयरचं नाव गेलं, फक्त गावाचं राहिलं: ‘सिव्हितास लंडन’, ‘सिव्हितास कँटर’, ‘सिव्हितास एबोरासी’ म्हणजे यॉर्क. अपवाद बरी सेंट एडमंड्सचा, तिथे रॉबर्ट द हॅडली हे नाव काही काळ दिसतं. लेख ‘एड्व रेक्स अँगल डॉमिनस हायब’ अशा छाटलेल्या लॅटिनमध्ये, म्हणजे ‘एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी’. एडवर्ड कितवा ते कुठेच नाही, आणि पहिला, दुसरा, मग काही वर्षं तिसरा असे तिघेही याच नमुन्यावर चालले.

फॉक्स बंधूंनी लावलेले पंधरा वर्ग आजही वापरात आहेत. हातात नाणं आलं की क्रम असा ठेवावा. नावाची लांबी पाहा: नुसतं ‘एड्व’ असेल तर पहिल्या नऊ वर्गांपैकी काही असण्याचा संभव जास्त, ‘एड्वा’, ‘एड्वार’, ‘एड्वार्ड’ असं वाढलेलं असेल तर दहावा किंवा पुढचा. मग मुकुट: कडेची फुलं तीन पाकळ्यांची की दोन? दोन असतील तर दहावा आणि नंतरचे. अकराव्यात मुकुटातल्या बाणाच्या टोकासारख्या नक्षीचा एक भाग मोडलेला दिसतो, कारण अक्षरांसारखाच मुकुटही छिन्न्यांनी उमटवत आणि ती एक छिन्नी मोडली होती. शेवटी छाती: सातव्यावर गुलाब, नवव्यावर बऱ्याचदा चांदणी. या क्रमाने लंडनची सामान्य पेनी दहा मिनिटांत लागते. नवशिक्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी. दोघांच्या बऱ्या जेवणाच्या बिलात ती मिळते.

मग वजन. पेनीचं ठरलेलं वजन उतरत गेलं: पहिल्या एडवर्डच्या काळी सुमारे 1.44 ग्रॅम, 1351 पासून 1.17, 1412 पासून 0.97, 1464 पासून 0.78. लेख पुसलेला असला तरी काटा बोलतो. अट एकच, नाणं कातरलेलं नसावं. कातरलेली जुनी पेनी नव्या हलक्या पेनीइतकीच भरते. म्हणून वजनाबरोबर व्यास लिहावा आणि क्रॉसची टोकं पाहावी.

याच टेबलावर परके पाहुणे ओळखावेत. स्कॉटिश पेनीत राजाचा चेहरा बाजूने असतो आणि मागे चांदण्या. आयरिश पेनीत चेहरा त्रिकोणात. आणि आजच्या बेल्जियम-लक्झेंबर्ग भागातल्या सरदारांनी पाडलेल्या नकला: मुकुटाऐवजी गुलाबांचा वेढा, किंवा मुकुट आणि चेहरा हुबेहूब एडवर्डचा, पण लेख दुसऱ्याचाच. बोहेमियाचा आंधळा राजा जॉन याच्या लक्झेंबर्गच्या पेनीवर लेख ‘एइवानेस’ असा सुरू होतो. घाईत वाचलं तर एडवर्डच. उद्देशही तोच होता.

पाचवा दिवस : यॉर्क

केंब्रिजहून पीटरबरोला गाडी बदलून यॉर्क. यॉर्कशायर म्युझियममध्ये 2007 साली सापडलेली व्हेल ऑफ यॉर्कची ठेव पाहावी: 617 नाणी, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या पेल्यात भरून 927–928च्या सुमारास पुरलेली. तिची मालकी ब्रिटिश म्युझियमबरोबर वाटून असल्याने कोणता भाग कुठे आहे ते आधी विचारून जावं. नाण्यांत समरकंदसारख्या दूरच्या ठिकाणचे दिरहमही आहेत.

कॉपरगेटला 1976 ते 1981 दरम्यान झालेल्या उत्खननात दहाव्या शतकातले नाण्यांचे लोखंडी ठसे आणि शिशावर उठवून पाहिलेले नमुने निघाले. शिसं कशाला? मऊ असतं, कोरीव काम कसं उमटतं ते एका घावात कळतं. आज त्या जागी जॉर्व्हिक केंद्र आहे. बाहेरची रांग मुलांची असते, म्हणून सकाळी लवकर जावं.

यॉर्कच्या पेनीत एक छोटी खूण जपून पाहावी. इथे राजाची टांकसाळ होती आणि आर्चबिशपचीही. मागच्या क्रॉसच्या अगदी मध्यावर चार पाकळ्यांची पोकळ आकृती असेल तर ती आर्चबिशपची. डरहॅममध्ये बिशप बदलला की खूण बदले: बेकचा टोकं दुभंगलेला क्रॉस, केलॉच्या वेळी क्रॉसच्या एका हाताचं टोक धर्मदंडासारखं वळलेलं. इथे राजाच्या नावापेक्षा बिशपच्या खुणेनेच तारीख जास्त बारीक लागते.

सहावा दिवस : परत लंडन, विक्रेत्यांचे ट्रे

खरेदीच्या दिवशी ट्यूडर घराण्याच्या राजांची नाणी जास्त हाताळायला मिळतात, आणि नावाचा खेळ इथेही थांबत नाही. आठव्या हेन्रीने 1509 ते 1526 पर्यंत बापाचाच चेहरा ठेवला. आकडा सातचा आठ केला, बस. 1544 पासून त्याने चांदीत इतकं तांबं मिसळलं की झिजलेल्या नाण्यावर राजाचं नाक आधी लाल व्हायचं; लोक त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणत. तो 1547 साली मेला, तरी त्याच्या नावाची नाणी मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत पडत राहिली.

एलिझाबेथच्या नाण्यांत सुख आहे. डोक्यामागे गुलाब असेल तर 6, 3, 1½ किंवा ¾ पेन्स, आणि 1561 पासून मागे सालही. गुलाब नसेल तर शिलिंग, 4, 2 किंवा 1. जवळपास सारख्या आकाराची नाणी वेगळी करायला ही युक्ती होती. लेखाच्या सुरुवातीची खूण साल नसलेल्या नाण्याचाही काळ सांगते: बाणाचं फाळ 1561–65, मुकुट 1567–70, किल्ला 1570–72, घंटा 1582–83. शेवटी खुणाच संपल्या की काय, 0, 1, 2 हे आकडेच वापरले.

त्या 0च्या खुणेचं एक नाणं भारताच्या वाटेवरचं आहे. 1600–1601 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीसाठी खास नाणी पाडली: एका बाजूला राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला किल्ल्याच्या दारातली लोखंडी जाळी. वजन स्पॅनिश रिआलला जुळवलं, कारण पूर्वेच्या बंदरांत तोच ओळखीचा होता. तिथल्या व्यापाऱ्यांना राणीचं नाणं परकंच राहिलं आणि प्रयोग तिथेच संपला. पुढे मुंबईच्या टांकसाळीत कंपनी शाह आलमच्या नावाचे, सुरतेचं नाव आणि 46वं राज्यवर्ष गोठवलेले रुपये पाडत होती. अनोळखी नावाचं नाणं कोणी घेत नाही हे ती शिकली होती.

आता पारख. आपल्याकडे नाणं वाजवून घेतात. इथे ते करू नये. खरी पेनीसुद्धा चकतीला केसाएवढी चीर असल्याने बद्द वाजते, आणि आपटली तर दोन तुकडे होतात. त्याऐवजी कड भिंगाखाली पाहावी. ओतीव नकलेला कडेला सांध्याची रेघ किंवा कानशीचे ओरखडे असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि अक्षरांच्या पायथ्याशी साबणाच्या वडीसारखी गोलाई. खऱ्या नाण्यात धातू घावाने बाहेर सरकलेला असतो, त्याच्या बारीक रेघा अक्षरांपासून कडेकडे जातात. दोन नाण्यांवर तीच चीर, तोच सपाट डाग, तोच दुहेरी घाव दिसला तर दोन्ही ठेवून द्यावीत. घाव तंतोतंत दोनदा बसत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रेडी यांनी केलेल्या विद्युत-नकला, म्हणजे विजेने धातूचा थर चढवून बनवलेले दोन अर्धे जोडून केलेल्या नकला, फार देखण्या आहेत. त्यांच्या कडेवर ‘आर आर’ अशी अक्षरं असतात, मात्र ती कोणी घासून टाकली असतील तर मधला जोड शोधावा.

वाकवून सरळ केलेलं नाणं तिरक्या उजेडात लगेच कळतं. सरळ करण्याचा प्रयोग स्वतः कधीही करू नये. चांदी घासायची पावडर, चिंच, लिंबू, सगळं वर्ज्य; काळपट थर हा नाण्याचा कोट आहे. माती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून ठेवावं आणि टिपून घ्यावं, पुसू नये.

बिलावर राजा, प्रकार, टांकसाळ, वजन लिहून घ्यावं. नाणं अलीकडे जमिनीतून निघालेलं असेल तर शोध-नोंदणी योजनेचा क्रमांक विचारावा. 1996च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर 14 दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. विक्रेता ‘ठेवीतलं आहे’ असं हळूच सांगत असेल आणि कागद दाखवत नसेल तर ट्रे परत सरकवावा. जमिनीतून निघालेल्या नाण्याला निर्यात परवाना लागेल का, याचं उत्तरही विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

पॅकिंगला मऊ, चिकट वासाची पीव्हीसी पाकिटं नकोत. वर्षभरात हिरवट चिकट थर धरतो. आम्लरहित कागदाचं पाकीट, त्यात चिठ्ठी, आणि सगळं हातसामानात. चिठ्ठीवर आधी वजन, व्यास, मागचा लेख जसा दिसतो तसा, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं. मग मुकुट, खूण, वर्ग. राजाची ओळ पेन्सिलने.